हातचा

एक ग्रॅम. त्याहून जास्त नाही.
दळलेला, सुकवलेला, काजळाइतका मऊ कोळसा
पोलादी भांड्यात ठेवते, तार जोडते,
तीस बार ऑक्सिजन भरते, झाकण आवळते,
आणि अख्खं भांडं पाण्यात बुडवते.
बटण.
आवाज होत नाही. आत काय पेटलं ते
फक्त पाण्याला कळतं,
अडीच अंशांनी.

एकोणतीस वर्षं झाब्झेच्या या प्रयोगशाळेत
मी पाण्याची जबानी घेते आहे.

शेवटी तारेचं वजा करायचं.
पेटवणाऱ्या तारेचेही स्वतःचे पन्नासेक ज्यूल असतात,
ते कोळशाच्या नावावर चढवायचे नाहीत.
हे विल्चेकनी पहिल्याच दिवशी शिकवलं.
त्यांच्या वह्या कॅलरीतल्या, माझ्या ज्यूलमधल्या.
एका कॅलरीचे ज्यूल चार पूर्णांक एक आठ चार
की चार पूर्णांक एक आठ सहा आठ,
यावरून त्यांनी दोन माणसांशी अबोला धरला.
एकाच्या तर मयतालाही गेले नाहीत.

घरात यातलं कुठलंच एकक चालत नसे.
आईचं माप बादली:
एक बादली म्हणजे पहाटेपर्यंतची ऊब,
दीड बादली म्हणजे पाहुणे.
बापाचं माप शिफ्ट. जड गेली किंवा बरी गेली.
त्यापुढे दशांश नव्हते.

परवा युडिताने विचारलं, ओमा, ज्यूल म्हणजे केवढा?
पुस्तकात एक सफरचंद होतं,
कुणीतरी मीटरभर उचललेलं.
झाब्झेत सफरचंदं कोण उचलतं!
म्हटलं, तुझा पणजोबा घे.
बूट, दिवा, डबा धरून चौऱ्याऐंशी किलो.
सहाशे वीस मीटर खालून पिंजरा त्याला वर आणायचा.
गुण. हातचा धर. परत गुण.
पाच लाख अकरा हजार ज्यूल.
आता भाग दे. आपल्या खाणीचा कोळसा,
ग्रॅमला सव्वीस हजार दोनशे.

साडेएकोणीस ग्रॅम.

तिने पेन खाली ठेवलं. "एवढंसंच?"
एवढंसंच. मूठसुद्धा भरत नाही.
एवढा तर तो रोज अंगावरच घेऊन यायचा,
कानांत, नखांत, पापण्यांच्या मुळाशी.
त्याची अंघोळ झाली की आई
टबाच्या तळाचा काळा गाळ निपटून काढायची.
स्वतःला वर आणण्यापुरतं जळण
माणूस स्वतःच वर घेऊन येत होता.
ताळा जमला.

छातीत जे साठलं त्याचं मोजमाप मी केलं नाही.
करता येत होतं.

मार्चमध्ये खाण बंद झाली.
शेवटचा नमुना आला, पिशवीवर लिओनार्डचं तिरपं अक्षर,
आणि खाली, जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे,
"देव भलं करो",
पिंजऱ्यात शिरताना एकमेकांना म्हणतात ते.

नियम असा की नमुना दोनदा जाळायचा.
दोन उत्तरांत एकशे वीस ज्यूलहून जास्त फरक नको.
पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिला जाळला. सव्वीस हजार एकशे चाळीस.
दुसरा तोलला, तार जोडली,
आणि बसून राहिले.
ढवळणारं पातं फिरत होतं,
पाण्याला कळण्यासारखं काहीच नव्हतं.

नोंदवहीत दुसरा रकाना कोरा आहे.
विल्चेक असते तर आणखी एक अबोला.

तो ग्रॅम आता घरी,
खोकल्याच्या गोळ्यांच्या चपट्या डबीत.
युडिता डबी कानाशी हलवून बघते.
"यात किती?"

यात, म्हटलं, तुझा पणजोबा
बत्तीस मीटर वर येतो.

ती बोटांवर हातचा धरून
उरलेलं वजा करत बसली.